पस्तीस वर्षांपूर्वीचा फोटो

नेत्याची कॉलेजातली जुनी भानगड बाहेर निघाली की तिचे काय करायचे, हा प्रश्न बैठकांतून वरचेवर निघतो. एकजण म्हणतो, पोरवयातली गोष्ट आहे, सोडा. दुसरा म्हणतो, बियाणेच खराब, त्याला खत घालून काय होणार? दोघांचेही पाच मिनिटांत समाधान होते आणि विषय कापसाच्या भावावर जातो. प्रश्न इतका स्वस्त नाही. पण तो तपासायला जवळचे उदाहरण घेतले की त्या नेत्याची जात, त्याचा पक्ष, आपली त्याच्याशी असलेली सोयरीक मध्ये येते आणि काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यासारखे आपणच माप चुकवतो. म्हणून मुद्दाम सातासमुद्रापलीकडचे एक प्रकरण मांडतो. त्यातल्या कोणाशी आपले देणेघेणे नाही. कापसाचे थोडे आहे, ते पुढे येईलच.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तिथल्या प्रमुखाला गव्हर्नर म्हणतात. आपला राज्यपाल दिल्लीहून नेमला जातो. तिथला गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार हाकतो. २०१७ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे राल्फ नॉर्थम या पदावर निवडून आले. लहान मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर, आधी काही वर्षे सैन्यात डॉक्टर. बोलणे मवाळ. कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना भरभरून मते दिली होती.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी एक फोटो प्रसिद्ध झाला. नॉर्थम ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, त्या ईस्टर्न व्हर्जिनिया मेडिकल स्कूलच्या १९८४ सालच्या वार्षिकांकातला. या वार्षिकांकात प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतःची जागा असे; तिथे त्याचे फोटो, आवडीनिवडी छापत. नॉर्थम यांच्या पानावर त्यांचे तीन फोटो होते आणि चौथ्यात दोन माणसे शेजारीशेजारी उभी होती. एकाने तोंडाला काळे फासले होते. दुसऱ्याने पांढरा झगा आणि डोके-तोंड झाकणारी टोकदार टोपी घातली होती. दोघांच्या हातात बियर होती.

आपल्याला वाटेल, त्यात एवढे काय? पोरांनी सोंगे आणली. म्हणून या दोन सोंगांचा अर्थ सांगणे भाग आहे.

पांढरा झगा हा कु क्लक्स क्लान या टोळीचा वेष. १८६५ साली यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने गेली, तेव्हा सुटलेल्या गुलामांनी मत देऊ नये, जमीन घेऊ नये, शाळेत जाऊ नये म्हणून रात्री तोंड झाकून त्यांची घरे जाळणारी, माणसे झाडाला लटकवणारी ही टोळी. आणि तोंडाला काळे फासणे ही त्याच काळातली नाटकवाल्यांची रीत: गोऱ्या नटाने जळके बूच चेहऱ्याला लावायचे आणि काळा माणूस कसा आळशी, मूर्ख, हसण्याजोगा असतो ते रंगमंचावर दाखवायचे. म्हणजे फोटोत मारणारा आणि मार खाणारा असे दोघे शेजारी उभे आहेत, आणि ते गमतीचे आहे असे ठरलेले आहे. हा फोटो काढला कोणी, निवडला कोणी, छापताना कोणाला खटकला का नाही? भावी डॉक्टरांच्या कॉलेजात कोणालाच खटकला नसेल, तर फोटो एका माणसाचा राहत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. ज्यांनी कॉलेज पाहिले आहे त्यांना स्नेहसंमेलनातले फिशपाँड आठवत असतील. चिठ्ठीवर नाव नसते, वाचणारा माईकवर वाचतो, सभागृह हसते. कोणाच्या रंगावर, कोणाच्या आडनावावर, कोणाच्या 'सवलतीवर' ती ओळ असते ते सगळ्यांना कळते. मी कृषी पदवीला असताना आमच्या वसतिगृहातला एक हुशार मुलगा अशा चिठ्ठीनंतर संमेलनाला आलाच नाही. शेवटच्या वर्षीदेखील नाही. हसणारे विसरले. त्याने विसरावे असे सांगायला मात्र सगळे तयार होते.

आता वयाचे. नॉर्थम १९८४ साली २४-२५ वर्षांचे होते. त्या वयात आपल्याकडच्या माणसाच्या नावावर पीककर्ज असते आणि पदरात दोन लेकरे. 'पोरवय' ही सवलत कॉलेजात गेलेल्यालाच का मिळते? नांगर धरणाऱ्या पोराने त्याच वयात काही केले तर त्याला कोणी पोर म्हणत नाही, फौजदार तर नाहीच. तेव्हा वयाची सबब मला फारशी पटत नाही.

फोटो आला त्याच रात्री नॉर्थम यांनी माफी मागितली. फोटोतल्या दोघांपैकी एक आपण आहोत, असे त्यांनी मान्य केले. कोणता ते सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पत्रकार परिषद बोलावली आणि घूमजाव केले: फोटोत मी नाही, तो माझ्या पानावर चुकून गेला असावा. मग पुन्हा स्वतःहून सांगितले, की त्याच वर्षी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात नाचाच्या स्पर्धेत मायकेल जॅक्सनचे सोंग घ्यायला बुटाचे पॉलिश गालांना लावले होते, ते मी केले. एका पत्रकाराने विचारले, तो सरकता नाच अजून येतो का? गव्हर्नर आजूबाजूला जागा बघू लागले! शेजारी उभ्या असलेल्या पत्नीने हळूच सांगितले, ही वेळ नव्हे.

माझ्या मते या प्रकरणात १९८४ सालाइतकाच वाईट दिवस हा शनिवार. शुक्रवारी कबुली, शनिवारी इन्कार. यातले एक तरी खरे नाही. जुना अपराध जुना म्हणून सोडता येतो, पण आजचे बोलणे आजचे असते. पुढे महाविद्यालयाने वकिलांच्या संस्थेकडून चौकशी करवली. मे २०१९ मध्ये तिचा अहवाल आला: फोटोत कोण आहे ते ठरवता येत नाही. गव्हर्नरही सुटले नाहीत आणि अडकलेही नाहीत.

त्या दोन दिवसांत राजीनाम्याची एकच ओरड झाली. विरोधी रिपब्लिकन पक्ष ओरडला यात नवल नाही. पण स्वतःच्या पक्षातले सगळे मोठे नेते, राज्याचे दोन्ही सिनेटर, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहणारे यच्चयावत उमेदवार, विधिमंडळातल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा गट, सगळ्यांनी सांगितले: खुर्ची सोडा. नॉर्थम बसून राहिले.

आणि मग गंमत झाली. गव्हर्नर गेले तर जागा मिळणार उपगव्हर्नर जस्टिन फेअरफॅक्स यांना. ते स्वतः कृष्णवर्णीय. त्याच आठवड्यात दोन महिलांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, एक २००४ सालच्या घटनेचा, दुसरा २००० सालचा, कॉलेजच्या दिवसांतला. फेअरफॅक्स यांनी दोन्ही आरोप ठामपणे नाकारले. त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही. त्यांच्यानंतर क्रमाने येणार राज्याचे महाधिवक्ता मार्क हेरिंग. यांनी शनिवारी नॉर्थम यांचा राजीनामा मागितला होता. बुधवारी त्यांनीच कबूल केले, की १९८० साली, एकोणिसाव्या वर्षी, विद्यापीठातल्या एका पार्टीला आपणही तोंड काळे करून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने छापले, की राज्य सिनेटातले रिपब्लिकन नेते टॉमी नॉरमेंट १९६८ साली ज्या वार्षिकांकाचे व्यवस्थापकीय संपादक होते, त्यातही असलेच फोटो आहेत. ते म्हणाले, मी त्या फोटोंत नाही आणि काढलेही नाहीत. खरे असेल.

तिघे गेले असते तर खुर्ची कोणाला? विधानसभेच्या सभापतींना, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला. आणि तो पक्ष सभागृहात बहुमतात का होता? तर एका मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना बरोबर ११,६०८ मते पडली होती, आणि जानेवारी २०१८ मध्ये एका वाडग्यातून चिठ्ठी काढून निकाल लावला होता. त्या चिठ्ठीवर सभागृह ५१ विरुद्ध ४९ झाले. हे लक्षात आले, आणि काल सकाळपर्यंत नीतिमत्तेवर बोलणारे संध्याकाळी गणितावर बोलू लागले. राजीनाम्याची ओरड हळूहळू विझली. पापभीरूपणाची किंमत एका खुर्चीएवढी निघाली की माणसे लगेच सावध होतात; हे आपण जिल्हा परिषदेतही पाहिले आहे.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. फेअरफॅक्स यांच्यावरचे आरोप आणि तोंडाला फासलेले काळे, ही एका पंगतीत बसणारी प्रकरणे नाहीत. एखादी व्यक्ती 'माझ्यावर अत्याचार झाला' असे सांगते, तेव्हा त्याचा निवाडा रीतसर चौकशीने व्हायला हवा. आरोप करणारीच्या हितासाठी आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याच्याही. व्हर्जिनियात तो तीन भानगडींच्या बातमीत एक म्हणून गेला, आणि पक्षाच्या सोयीने चर्चेतून उतरला. यापुढे मी नॉर्थम यांच्याबद्दलच लिहितो.

या सगळ्या आरड्याओरड्यात ज्यांचा अपमान झाला त्यांना कोणी विचारले का? विचारले. वॉशिंग्टन पोस्ट हे वर्तमानपत्र आणि जॉर्ज मेसन विद्यापीठाची शार स्कूल यांनी त्याच आठवड्यात पाहणी केली. राज्यातले एकूण लोक निम्मेनिम्मे वाटले गेले होते: ४७ टक्के म्हणाले जावे, ४७ टक्के म्हणाले राहावे. कृष्णवर्णीयांत मात्र ५८ टक्के म्हणाले, राहू द्या. गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

त्यांनी माफ केले असे कोणी समजू नये. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या असल्या लोकांच्या राज्यात राहावे लागले त्याला फोटो पाहून धक्का बसत नाही; त्याला ते ठाऊकच असते. धक्का बसतो तो ज्याला आपण स्वच्छ आहोत असे वाटत होते त्याला, आणि डाग झटकण्याची घाईही त्यालाच. नॉर्थम यांनी जून २०१८ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा विस्तार करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. जवळपास चार लाख माणसे त्यात येणार होती. ज्याच्या घरात इन्सुलिन लागते तो फोटोही बघतो आणि ही सहीही बघतो. याला कोणी सौदा म्हणेल. सौदाच आहे. ज्याच्या हाती थोडेच असते त्याला ते जपून खर्चावे लागते.

पण आता खरी गोष्ट सांगतो, जी मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचली.

व्हर्जिनियाच्या मध्यभागी बकिंगहॅम परगण्यात युनियन हिल नावाची वस्ती आहे. यादवी युद्धानंतर सुटलेल्या गुलामांनी वसवलेली. त्यांचे वंशज अजून तिथे राहतात. आजूबाजूला जुन्या मळ्यांची जमीन, कुठे खुणेविना गाडलेल्या पूर्वजांच्या जागा. डोमिनियन एनर्जी ही वीज-गॅसची बडी कंपनी आणि तिचे भागीदार ९५० किलोमीटरहून लांब गॅसची पाइपलाइन टाकत होते, आणि गॅस पुढे रेटणारे प्रचंड यंत्रांचे स्थानक याच वस्तीला खेटून येणार होते. धूर, आवाज, स्फोटाची भीती. लोकांनी विरोध केला. राज्याच्या स्वतःच्या सल्लागार मंडळाने काम थांबवा असे सुचवले. परवाना देणे न देणे राज्याच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हाती होते, आणि मंडळाचे काही सदस्य नोव्हेंबर २०१८ च्या बैठकीत अवघड प्रश्न विचारू लागले. मतदान तोंडावर आले असताना गव्हर्नर नॉर्थम यांनी मंडळातले दोन सदस्य बदलले. त्यांची मुदत आधीच संपली होती, हे खरे. मुदत संपल्यावरही महिनोन्‌महिने बसलेल्यांना नेमक्या त्याच वेळी उठवले, हेही खरे. ८ जानेवारी २०१९ रोजी मंडळाने परवाना दिला. चारापैकी चारही मते कंपनीच्या बाजूने.

फोटो आला तो १ फेब्रुवारीला. म्हणजे तीन आठवड्यांनी!

तीन आठवड्यांपूर्वी त्याच माणसाने, गव्हर्नरच्या खुर्चीत बसून, पूर्ण शुद्धीत, त्याच समाजाच्या एका वस्तीचे नुकसान होईल अशी पावले टाकली होती. त्यावर राष्ट्राध्यक्षपदाच्या कोणत्या उमेदवाराने राजीनामा मागितला? कोणत्या वाहिनीने रात्रभर चर्चा केली? बातमी आली आणि गेली. फोटोला डोळे आहेत, चेहरा आहे. परवान्याला फक्त जावक क्रमांक असतो. आपल्याला हे शिकवायला अमेरिका नको. धरणाखाली गेलेल्या गावांच्या फायलीतही एकाही शिवीचा शब्द नसतो. सगळी भाषा सभ्य असते.

हे जोडून दाखवणारी माणसे तिथे निघाली, हे सांगायला हवे. उत्तर कॅरोलायनाचे धर्मोपदेशक विल्यम बार्बर, जे गरिबांची चळवळ चालवतात, ते त्याच महिन्यात माजी उपाध्यक्ष अल गोर यांना घेऊन युनियन हिलला आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एका माणसाला बळी देऊन सगळ्यांनी पवित्र होऊ नये. पश्चात्ताप झाला असेल तर तो धोरणात दिसू द्या. लोक न्यायालयात गेले. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो परवाना रद्द केला, कारण शेजारच्या वस्तीवर काय परिणाम होईल याचा नीट विचारच झाला नव्हता. जुलै २०२० मध्ये कंपन्यांनी पाइपलाइनच गुंडाळली. हे गव्हर्नरच्या पश्चात्तापाने झाले नाही. लोकांनी केले.

आता कापसाची गोष्ट. फेब्रुवारी २०१९ संपायच्या आत गव्हर्नरच्या सरकारी वाड्यात आणखी एक प्रसंग घडला. विधिमंडळात काम शिकायला आलेली आठवी-नववीतली मुले वाडा पाहायला आली होती. गव्हर्नरच्या पत्नी त्यांना जुन्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, जिथे एकेकाळी गुलाम राबत. तिथे त्यांनी मुलांच्या हातात कापूस दिला आणि सांगितले, दिवसभर हा वेचायचा म्हणजे काय, कल्पना करा. त्या मुलांत कृष्णवर्णीय अगदी मोजकी होती. त्यातल्या एका मुलीने तो कापूस घेतला नाही, आणि नंतर पत्र लिहून आपल्याला काय वाटले ते कळवले. बाईंचे म्हणणे पडले, की मी सगळ्यांनाच दिला, हेतू शिकवण्याचा होता. हेतूवर मला शंका नाही.

वेचणीला जाणाऱ्या बायांना यावर वेगळे सांगायला नको. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके बोटांत घुसतात, नखांच्या कडा फाटतात, ओटीत कापूस आणि पाठीवर ऊन. आपण रोज घेतो तो कापूस हातात. पण आपल्या आजीच्या अंगावर त्यासाठी कोणी चाबूक ओढला असता आणि तिला विकले असते, आणि तिच्या मालकाच्या वंशात सून म्हणून आलेल्या बाईने तोच कापूस आपल्या लेकीच्या हातात ठेवला असता, तर? (नॉर्थम यांच्या पूर्वजांकडे गुलाम होते. ते त्यांनाच २०१७ साली कळले म्हणतात.)

व्हर्जिनियाचे पीक मुळात तंबाखू. तंबाखू जमीन शोषून घेते; दीडदोनशे वर्षे एकच पीक घेऊन तिथल्या मळेवाल्यांनी माती मारली, आणि दक्षिणेकडे नव्या काळ्या जमिनीवर कापूस सुरू झाला तेव्हा धान्य विकावे तशी माणसे तिकडे विकली. रिचमंड, जिथे हा गव्हर्नरचा वाडा आहे, ते या व्यापाराचे मोठे बाजारगाव. १८६१ साली कापसाची राज्ये फुटून निघाली तेव्हा हेच रिचमंड त्यांची राजधानी झाले. चार वर्षे युद्ध चालले, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि व्यापारी वऱ्हाडात धावले. आपल्या पणजोबांच्या आधीच्या पिढीने कापसाला सोन्याचा भाव पाहिला तो तेव्हा. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकाराचे कागद उरले. एवढाच आपला या प्रकरणाशी धागा, पण तो कापसाचा आहे.

नॉर्थम खुर्चीवर राहिले. मग त्यांनी काय केले?

व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. म्हणजे मतांसाठी नाटक करण्याची गरज उरली नव्हती. नाव मात्र धुवायचे होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्या पक्षाला दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले. जुन्या वर्णभेदी कायद्यांची कलमे शोधायला त्यांनी समिती नेमली. मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणारी, मिश्र विवाहाला बंदी करणारी कलमे मेलेली असूनही पुस्तकात पडून होती, ती काढली. तुरुंगातून सुटलेल्यांना मताचा हक्क आपोआप परत मिळेल, असे मार्च २०२१ मध्ये जाहीर केले. ६९,००० माणसांना तो त्या दिवशी मिळाला. त्याच महिन्यात, २४ तारखेला, ज्या तुरुंगात फाशीघर होते तिथे जाऊन त्यांनी मृत्युदंड रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. चारशे वर्षांत सुमारे १,४०० माणसांना मारणारे हे राज्य, दक्षिणेत असे करणारे पहिलेच. १९०८ ते १९५१ या काळात बलात्काराच्या गुन्ह्यासाठी तिथे ४५ जणांना मारले; पंचेचाळीसच्या पंचेचाळीस कृष्णवर्णीय. त्यातल्या १९५१ सालच्या सातजणांना त्यांनी मरणोत्तर माफी दिली, कारण त्यांच्यावरचे खटलेच न्यायाचे नव्हते.

रिचमंडच्या मुख्य रस्त्यावर बंडखोर सेनापती रॉबर्ट ली याचा १८९० साली उभारलेला पुतळा होता. ८ सप्टेंबर २०२१ रोजी तो खाली आला. आणि नॉर्थम ज्या सैनिकी महाविद्यालयात शिकले, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट, जिथल्या वार्षिकांकात त्यांच्या नावाखाली काळ्यांना हिणवणारे टोपणनाव छापले होते, तिथल्या वर्णद्वेषाच्या तक्रारींची चौकशी त्यांनीच २०२० साली लावली. महाविद्यालयाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. आपल्या वसतिगृहाची खोली उघडून दाखवणारा माजी विद्यार्थी मी तरी दुसरा पाहिला नाही.

हे सगळे त्यांच्या एकट्याचे श्रेय नव्हे. २०२० च्या उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसांनी मारल्यावर देशभर लोक रस्त्यावर आले होते. लीचा पुतळा रंगाच्या घोषणांनी आधीच लोकांनी ताब्यात घेतला होता. बहुमत नसते तर निम्मे कायदे झाले नसते. आणि कोणी म्हणेल, हे सगळे डाग झाकायला केले. असेना का. सातबाऱ्यावर बोजा चढला म्हणून आपण जमीन पडीक ठेवत नाही. पिकवतो आणि बोजा फेडतो. फेडल्याशिवाय तो उतरत नाही आणि माफी मागून तर मुळीच उतरत नाही. किती फिटला ते धनको सांगेल. इथे धनको तो फोटो प्रसिद्ध करणारा नव्हता; तो तर वेगळ्याच वादाचा सूड उगवत होता. राजीनामा मागणारा उमेदवारही नव्हता. युनियन हिलची वस्ती होती, कापूस नाकारणारी मुलगी होती, मतदार म्हणून पुन्हा नाव लागलेला माणूस होता.

एक अडचण राहते आणि ती मी लपवत नाही. असे म्हटले की उद्या प्रत्येक लबाड नेता म्हणेल, मलाही काम करू द्या, मीही फेडतो. नॉर्थम यांनी फेडले, कारण त्यांची मान सापडली होती, आणि मान सापडलेली ठेवायला माणसे जागी होती: विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या कार्यक्रमाला येऊ नका असे कळवले, विधिमंडळातल्या कृष्णवर्णीय गटाने राजीनाम्याची मागणी केल्यानंतर त्यांच्याकडून कामे करून घेतली, बार्बर युनियन हिलला जाऊन बसले. ज्या नेत्यामागे असे कोणी लागलेले नसते तो फेडत नाही, फक्त पुन्हा निवडून येतो. म्हणून पुढच्या वेळी आपल्या बैठकीत एखाद्याची जुनी भानगड निघेल तेव्हा ती कोणी आणि आत्ताच का काढली, हे विचाराच. पण त्याबरोबर त्या भानगडीत ज्याचे नुकसान झाले त्या समाजाची, त्या गावाची, त्या बाईची फाईल आज त्याच नेत्याच्या टेबलावर आहे का, आणि तिच्यावर शेरा काय आहे, हेही तालुक्याला जाऊन बघून या.

नॉर्थम यांची मुदत जानेवारी २०२२ मध्ये संपली. ते पुन्हा लहान मुलांना तपासू लागले. युनियन हिलच्या शेजारी यंत्रे आली नाहीत. फोटोतले दोघे कोण, ते चौकशीला सांगता आले नाही.